कडेला लिहिलेली नावं

आमच्या मराठी मंडळाची मेल आली ती सुनेनं वाचून दाखवली. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या सर्वांच्या लाडक्या नर्सकाकू यांचे नुकतेच निधन झाले." एवढंच. त्याच्याच खाली गणपतीला कोण काय करून आणणार त्याची यादी.

मी म्हटलं, "नाव कुठाय?"

"नाव नाही लिहिलेलं, बाबा. सगळे नर्सकाकूच म्हणायचे ना त्यांना."

"आणि खाली काय आहे?"

"खाली मोदकांचं आहे."

"त्यात नावं आहेत?"

तिनं पुन्हा खाली बघितलं. त्यात होती. आडनावासकट होती. उकडीचे कोण, तळणीचे कोण, वाटली डाळ कोण. मेलेल्या बाईचं तेवढं नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. पुण्यात एका छापखान्यामागच्या बोळात पन्नास वर्षं बाइंडिंग केलं. पुस्तकं शिवली पुष्कळ, वाचली कमी. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण त्या दिवशी डोकं फिरलं. नातवाची एक कोरी वही घेतली आणि बसलो. सून टाइप करून देते म्हणाली. तिला सांगून ठेवलंय, शुद्धलेखन बघ, बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही. आणि राग जरा कमी करा असंही म्हणायचं नाही.

तर पहिल्यांदा नाव. प्रमिला गणपत सोनटक्के. मिरजेच्या. तिथंच नर्सिंग शिकल्या आणि तेविसाव्या वर्षी विमानात बसून जर्मनीत आल्या. त्यांच्या पहिल्या दवाखान्यात बड्या सिस्टरनं सांगितलं, प्रमिला फार लांब होतं, आम्ही तुला मिला म्हणू. चौतीस वर्षं त्या 'श्वेस्टर मिला', म्हणजे सिस्टर मिला, होत्या. रिटायर झाल्या तेव्हा एक मग मिळाला, त्यावरही 'मिला'. त्या मगात त्या पेन्सिलींची थोटकं ठेवायच्या. म्हणायच्या, "चहा नाही पीत मी त्यातनं. दुसऱ्या बाईचा मग आहे तो."

लग्न एका जर्मन माणसाशी केलं. क्लाउस. तो माझ्या येण्याआधीच गेला होता. मी विचारलं होतं, घरचे चिडले असतील. त्या म्हणाल्या, "चिडले की! पण भाऊ, ह्या अख्ख्या देशात 'प्रमिला' पुरतं म्हणून दाखवणारा तो एकटा निघाला. तीन महिने लागले त्याला. म्हणून केलं."

*

आमची ही गेली आणि वर्षभरात पोरानं मला झिंडेलफिंगेनला आणलं. गाड्यांच्या कारखान्यासाठी तो काहीतरी यंत्रांची आखणी करतो. सकाळी सातला घर रिकामं व्हायचं. मी, भिंत आणि घर गरम करणारी ती लोखंडी पट्टी. माणूस किती वेळ पट्टीकडे बघणार? खाली रद्दीचा मोठा निळा डबा होता. एक दिवस त्यात कुणीतरी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं टाकलेली दिसली. पाठीला चांगली शिलाई. बाइंडरला असलं बघवत नाही. मी कमरेत वाकून हात घातला.

पाठीमागून मराठीत आवाज आला, "ओ काका! त्यातलं काढायचं नसतंय. पोलीस बोलावतील."

वळून बघतो तर एक ठेंगणी बाई. करडा कोट, पायात पांढरे नर्सचे बूट, कानावर पेन्सिल. सुतार ठेवतो तशी. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "वाकताना 'आई गं' म्हणालात की." आणि लगेच, "नाव काय तुमचं?"

"मी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरचा..."

"नाव सांगा, मग बाकीचं सांगा."

हे त्यांचं पालुपद. बसमध्ये चढल्या की ड्रायव्हरला नाव. बेकरीतल्या पोरीला नाव. कुत्रं फिरवणाऱ्याला कुत्र्याचं नाव विचारायच्या आणि मग त्याला खडसवायच्या, "कुत्र्याचं सांगितलंस, तुझं?" जर्मन माणसाला हे आवडत नाही. काही जण तोंड फिरवायचे. ह्यांना फरक पडत नव्हता. माझं नाव विचारून घेतलं, मग कायमचं भाऊ म्हणाल्या. मी ताई म्हणायला लागलो. वयानं त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण ताईच.

मंडळातल्या बायका त्यांना जरा टाळायच्या. फटकळ म्हणून. पण स्वतःच्या मुलांना ताप आला की बरोबर फोन करायच्या. "नर्सकाकू, किती एमएल देऊ?" ताई सांगायच्या. फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या. "सहा वर्षं औषध विचारतेय ही. अजून माझं नाव विचारलं नाही."

*

दर गुरुवारी दुपारी तीनला त्या वृद्धाश्रमात जायच्या. हाइम म्हणतात त्याला. आमच्या घरापासून दोन स्टॉप. तिथं म्हाताऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम होतं, फुकट. मी बरोबर जाऊ लागलो. मला जर्मन कळत नव्हतं, पण मागच्या खुर्चीत बसून माणसांचा आवाज ऐकू यायचा. तेवढा पुरे होता.

वाचायच्या त्या पातळ गोष्टींच्या पुस्तिका. इथं पेपरच्या टपरीवर मिळतात तसल्या, चौसष्ट पानी, पाठीला दोन पिना, चित्राचं मुखपृष्ठ. कुणाचं तरी घर रिकामं करताना त्यांचा एक खोका हाइमला आला होता. सगळ्या आफ्रिकेतल्या गोष्टी. पूर्वी म्हणे तिकडे जर्मनांचं राज्य होतं एका मुलखावर, जर्मन माणसं जाऊन जमिनी घेऊन राहिली, मोठमोठे मळे केले, हजार हजार गुरं पाळली. त्या मळेवाल्यांच्या गोष्टी. एका अंकात चार-पाच. म्हाताऱ्यांना फार आवडायच्या. सिंह आहे, दुष्काळ आहे, जहाजातनं येणारी नवी नवरी आहे, आणि शेवटी सूर्य मावळतो.

वाचून झालं की परतीच्या बसची वाट बघत आम्ही बाकावर बसायचो, आणि ताई मला तीच गोष्ट मराठीत सांगायच्या. त्यांचं सांगणं असं होतं, मधे मधे थांबून लेखकाला शिव्या.

"आता ऐका भाऊ. पहिली ओळ. 'हा सगळा मुलूख ओसाड होता, मनुष्यवस्ती नव्हती.' बरं. दुसरी ओळ. 'तो घोड्यावरून उतरला आणि लगाम नोकराच्या हातात दिला.' आल्झो, म्हणजे हा नोकर कुठनं उगवला? जमिनीतनं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"विहीर कुठाय ते कोण दाखवतं? नोकर. वासरू अडलं तर कोण हात घालतं? नोकर. सापाचं विष कोण उतरवतं? नोकराची म्हातारी आई. आणि मुलूख ओसाड! ह्यांना घोड्याचं नाव माहीत आहे, सुलतान. कुत्र्याचं माहीत आहे. मळ्याला नाव आहे, आजीच्या गावाचं."

पण मला त्या जी गोष्ट सांगायच्या त्यात नोकरांना नावं होती. सकाळी कॉफी आणणारी नांगुला. गुरांमागचा पेंडा. सापाचं विष उतरवणारी काएरा. मी म्हटलंही एकदा, "ताई, तुम्ही उगाच चिडता. लेखकानं नावं घातलीत की. बरा माणूस दिसतोय."

त्यांनी पेन्सिल कानावर नीट बसवली. मग म्हणाल्या, "हं. काही काही ठिकाणी घातलीत."

तिथं एक फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई, होती. ब्याऐंशी वर्षांची, ताठ, पांढऱ्या केसांचा अंबाडा, पहिल्या रांगेत. तिच्या बापाचा खरंच तिकडे मळा होता. ती तिथंच जन्मली आणि मोठी होऊन इकडे आली. वाचन चालू असताना ही बाई मधेच हातातली काठी आपटून ओरडायची. ताई थांबायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या, पुढं वाचायच्या. मी विचारलं, काय म्हणते? ताई म्हणाल्या, "म्हणते, मोठ्यानं वाच."

*

एका गोष्टीवरून मात्र माझंच डोकं सटकलं. नवी मालकीण हॅम्बुर्गहून जहाजानं येते. पहिल्याच सकाळी घरातल्या नोकरांना ओळीत उभं करते. त्यांची नावं तिच्या जिभेला येईनात. मग ती बोट दाखवून सांगते, तू आजपासून आना, तू पेटर, तू लीझे. आणि लेखक लिहितो, सगळे आनंदानं हसले.

"आनंदानं?" मी बाकावरून उठलो. "कोण टिकोजीराव लागून गेली ही! चार पोरं झालेली बाई असेल ती, तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव, आणि ही काल आलेली बया बदलणार? आणि वर हसले म्हणे! लेखकाला धरून हाणलं पाहिजे."

ताई बाकावरच बसून होत्या. कानावरची पेन्सिल काढून बोटात फिरवत होत्या.

"भाऊ, तुमच्या मंडळींचं नाव काय होतं?"

"सुमन."

"ते सासरचं. माहेरचं विचारतेय."

मी बसलो.

"तांदळात कुणी लिहिलं सुमन?"

"मी. अंगठीनं. आईनं सांगितलं तसं."

"तिला विचारलं होतं कुणी?"

ताटात तांदूळ पसरले होते, फोटोग्राफर म्हणाला इकडे बघा, ही खाली मान घालून बसली होती. सगळे हसत होते. आनंदानंच हसत होते.

"आणि मग त्रेचाळीस वर्षं सुमन म्हणून हाक मारलीत?"

तीही मारली नव्हती. आमच्यात कोण मारतं? अगं, ऐकलंस का, कुठं गेली. फर्म्यांच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायला ती माझ्याशेजारी बसायची, रोज, दोन हात लांब, मला हाक मारायची गरजच कधी पडली नाही. जुनं नाव काढून घेतलं आणि नवं वापरलं नाही. दवाखान्यात शेवटी नर्सनं कागदावर लिहायला नाव विचारलं, तेव्हा पोरानं सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

बस आली. ताईंनी ड्रायव्हरला नाव विचारलं. मी त्या दिवशी त्यांच्यावर फार चिडलो होतो. दोन गुरुवार गेलोच नाही.

*

तिसऱ्या गुरुवारी त्याच घरी आल्या. हातात दोन पिशव्या, सगळ्या पुस्तिका. सव्वीस. पिना गंजलेल्या, पानं सुटलेली, कडा कुरतडल्यासारख्या.

"डोळे चाललेत माझे, भाऊ. मधोमध काळा ठिपका आहे. तुमचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. डॉक्टर म्हणतो सहा महिने वाचता येईल. माझ्यानंतर दुसरं कोणी वाचेल. त्यांच्या हातात हे असं देऊ? मला ह्याची पक्की पुस्तकं करून द्या. पन्नास वर्षं टिकतील अशी."

सुनेनं खूण केली, नको म्हणा. मी हो म्हटलं. ही गेल्यापासून मी सुईला हात लावला नव्हता.

स्वयंपाकघरात गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. सून खिडक्या उघडत फिरली. प्रत्येक पिन काढली, फाटलेल्या पाठींना पातळ कागद लावला, जुळणी केली, फर्मे पट्टीवर शिवले. जुळणी हिचं काम होतं. पानांचा क्रम चुकला तर तिला नुसत्या बोटानं कळायचा. तीन जाड पुस्तकं झाली. हात दुखायचे, पण कितीतरी दिवसांनी दुपार कधी सरली ते कळत नव्हतं.

राहिलं कटिंग. बाजारातल्या कॉपीशॉपमध्ये कापायचं मोठं मशीन होतं. आता धंद्यातली गोष्ट सांगतो. वेगवेगळ्या मापाचे अंक एकत्र शिवले तर कापायचं सगळ्यात लहान अंकाच्या मापावर. नाहीतर कडा दातेरी राहतात. आणि कडेलाच सगळी घाण असते. बोटांचे तेलकट डाग, चहा, वाचणाऱ्यांच्या पेन्सिलीच्या रेघोट्या. त्या पुस्तिकांच्या कडेला पेन्सिलीचं बारीक खरडलेलं होतं पानापानावर. इंग्रजी लिपीत. मला ती दोन-चार अक्षरांपलीकडे येत नाही. मी म्हटलं, जाईल सगळं. मशीनचं पातं खाली आलं. तीन बाजू, तीन पुस्तकं. कडा अशा गुळगुळीत की गाल लावावा.

लाल कापडी पाठ चढवून ताईंकडे नेली. त्यांनी आधी हात फिरवला. खूश झाल्या. "बाई गं, काय काम आहे!" मग पान उघडून डोळ्याच्या कोपऱ्यानं बघायला लागल्या. पुस्तक तिरकं धरलं. दुसरं पान. तिसरं. अंगठा कडेवरून फिरवत राहिल्या, खाली-वर, खाली-वर.

"भाऊ, नावं कुठायत?"

"कसली नावं?"

तेव्हा मला कळलं. छापलेल्या गोष्टीत एकही नाव नव्हतं. नांगुला नाही, पेंडा नाही, काएरा नाही. तिथं छापलेलं होतं 'नोकर', 'स्वयंपाकीण', 'काळी म्हातारी', 'एक जण'. नावं ताईंनी घातली होती. वाचता वाचता. म्हाताऱ्यांना मागची गोष्ट लक्षात राहते, नांगुलाची उद्या काएरा करून चालायची नाही, म्हणून प्रत्येक ओळीशेजारी कडेला लिहून ठेवलं होतं. चार वर्षं. आणि फ्राऊ केसलर काठी आपटून 'मोठ्यानं वाच' म्हणत नव्हती. ती म्हणत होती, "असं तिथं लिहिलेलं नाही!"

"कुठनं आणलीत ही नावं?" मी विचारलं.

"दवाखान्याच्या धुलाईत तिकडचा एक माणूस होता, पेंडा. त्याला म्हटलं, तुझ्या घरच्यांची सांग. त्यानं आज्या, मावश्या, सगळ्यांची सांगितली. नांगुला म्हणजे सकाळी जन्मलेली. ती संपली तशी माझ्या घरची घातली. माझी आजी, आत्या. खरी नावं कुणी लिहून ठेवलीच नाहीत, भाऊ. खरं सापडेपर्यंत घरचं लावायचं. बिननावाचं कुणाला ठेवायचं नाही." मग एकदम ओरडल्या, "चौतीस वर्षं मला अर्धी कापली ह्या लोकांनी, मी बोलले नाही! तुम्ही तर आपला माणूस!"

मी पायऱ्यांवरून खाली उतरलो ते धावतच. ह्या वयात धावलो. कॉपीशॉपवाला म्हणाला, कातरण मागच्या डब्यात टाकलं. मी डब्यात शिरलो म्हणायचं फक्त बाकी. कमरेपर्यंत आत, दोन्ही हातांनी कागदाच्या चिरोट्या काढतोय. ऑफिसातून येताना पोरानं बघितलं. गाडी थांबवली.

"बाबा! अहो काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत. धर पिशवी."

"बिट्टे, प्लीज बाबा, पोलीस येतील!"

मागून आवाज आला, "येऊ देत. आले की नावं विचारते त्यांना." ताई. टॅक्सी करून आल्या होत्या. करडा कोट, पांढरे बूट, आणि डब्यासमोर रस्त्याकडे तोंड करून अशा उभ्या राहिल्या की कॉपीशॉपवाला आत निघून गेला. मी काढतोय, पोरगा शरमेनं लाल होऊन पिशवी धरतोय, आणि ह्या पहारा देतायत. त्यांनी वळून एवढंच म्हटलं, "नीट काढा. माझी आत्या आहे त्यात."

*

दोन महिने लागले. चिरोटीची कड आणि पानाची कड शेजारी धरायची, कागदाचा रंग, डाग, अर्ध्या अक्षराची शेपटी जुळते का बघायचं. जुळली की झिरझिरीत कागदानं परत चिकटवायची. बाइंडर पाव इंच वाचवायला जन्मभर मरतो, मी कापलेलं परत जोडत होतो. पुण्यातल्या कारागिरांनी बघितलं असतं तर थुंकले असते. ताई शेजारी बसायच्या, मी अक्षरं चित्रासारखी सांगायचो, "एक काठी, मग पोट," आणि त्या ओळखायच्या.

पुष्कळ जुळली. काही गेलीच. काही ताईंना आठवली. जी आठवली नाहीत तिथं पान कोरं.

हाइमच्या मॅनेजरबाईंनी एकदा ताईंना बोलावून सांगितलं, छापलेल्या मजकुरात फेरफार नको, लोकांची तक्रार आहे. त्या साध्या मनोरंजनाच्या गोष्टी आहेत, श्वेस्टर मिला. ताई म्हणाल्या, "मलाही मनोरंजनच पाहिजे. नोकरांचं." माझा पोरगाही हेच म्हणायचा, "बाबा, टाइमपास गोष्टी आहेत हो त्या." मी म्हटलं, टाइमपास आहेत म्हणूनच वाईट. जाड पुस्तक एक माणूस वाचतो आणि झोपतो. हे टपरीवर मिळतं, हजार माणसं वाचतात. हजार माणसांच्या डोक्यात मुलूख ओसाड होतो, बसल्या बसल्या, चहाबरोबर.

एका दुपारी चौथ्या अंकाशी आलो. मळ्यातल्या घरात एक स्वयंपाकीण आहे. मालकाच्या लहान मुलीला ती वाढवते, पाठीला बांधून फिरवते. पाच पानं ती गोष्टीत आहे. कडेची चिरोटी मिळाली नाही. ताईंना नाव आठवेना.

"भाऊ, द्या एक."

मी खळीचं भांडं बाजूला सारलं.

"यमुना," मी म्हटलं.

ताईंनी काही विचारलं नाही. "स्पेलिंग सांगते, तुम्ही लिहा," म्हणाल्या. मी पाचही पानांवर लिहिलं. ही असताना जे तोंडातून निघालं नाही ते जर्मनीत, जर्मन अक्षरांत, एका आफ्रिकेतल्या बाईसाठी मोठ्यानं म्हटलं. लाज वाटली. आणि परत म्हणावंसं वाटलं.

*

ताईंचं वाचणं बंद झालं. पुढं कोण वाचणार हा प्रश्न होता आणि ताईंना दुसरी कसलीही काळजी नव्हती. नवीन माणूस कडेचं वाचेल का छापलेलंच वाचेल? हाइममध्ये नजर शाबूत असलेली आणि आवाज असलेली एकच म्हातारी निघाली. फ्राऊ केसलर.

"संपलं," ताई म्हणाल्या. "ती एक नाव वाचायची नाही."

तरी गेलो. आम्ही दोघं मागच्या रांगेत. ताईंनी माझा दंड धरला होता, दिसत नव्हतं म्हणून, आणि रागानंही. फ्राऊ केसलरनं लाल पाठीचं पुस्तक मांडीवर घेतलं, चष्मा लावला, वाचायला लागली. ताई मला कानात सांगत होत्या. नांगुला आली, ती 'नोकराणी' म्हणाली. पेंडा आला, ती 'एक जण' म्हणाली. प्रत्येक वेळी ताईंची नखं माझ्या दंडात रुतत होती. "बघा. बघा. सरळ सरळ कापतेय."

एक गोष्ट संपवून तिनं चौथा अंक काढला. स्वयंपाकीण आली. मुलीला पाठीला बांधलं. फ्राऊ केसलर थांबली. बोट कडेवर होतं, मला लांबून दिसत होतं, मी लिहिलेल्या नावावर. तिनं चष्मा काढला. खोलीत कुणीतरी खोकलं. मग ती काहीतरी म्हणाली, पुस्तकात न बघता, हळू.

मला ऐकू आलं ते 'यमुना' नव्हतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

ताईंचा हात सुटला होता. "म्हणतेय, यामुना नाही. म्हणतेय, तिचं नाव वेझुवा होतं. माझ्या आईपेक्षा जास्त तिनंच मला..." आणि ताई पुढचं सांगायच्या थांबल्या. फ्राऊ केसलर बोलतच राहिली. ते नाव चार-पाचदा आलं. म्हातारी रडत नव्हती, पण काठी सतरंजीवर पडली होती आणि तिला पत्ता नव्हता.

वाचन झाल्यावर पुस्तक आमच्याकडे आलं. ताईंनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यासमोर धरली.

"खोडा, भाऊ."

"काय?"

"यमुना. खोडा आणि खरं लिहा. सापडलंय."

त्रेचाळीस वर्षांत न घेतलेलं नाव एकदा लिहिलं होतं. ताईंना माझं तोंड दिसत नव्हतं, पण सगळं कळत होतं त्यांना. पाच पानं. मी खोडलं. त्यांनी एक एक अक्षर सांगितलं, मी लिहिलं.

बसस्टॉपवर गेलो. बस यायची होती. करडा कोट, पांढरे बूट, तोंड जरा तिरकं, कोपऱ्यातनं बघायची सवय झालेली. ती त्यांची माझी शेवटची भेट, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. बसचा दरवाजा उघडला, त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, ड्रायव्हरला नाव विचारायच्या आधी माझ्याकडे वळल्या.

"अकराव्या अंकात बघा. एक बाई सकाळपासून विहिरीवर उभी आहे. तिला अजून कुणी हाक मारलेली नाही."